जुन्या पायऱ्या

देवस्थानच्या शिवराजने झेंडूचा हार हेन्रिकच्या गळ्यात घातला आणि त्याच हाताने त्याच्या बायकोला, सोनियाला, बाजूला केलं.

"बाई, तुमची बारी तिकडं. साहेबांना पुढं जाऊ द्या."

सोनियाला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण हात कुठल्या दिशेला झाला ते कळायला भाषा लागत नाही. ती मुकाट्याने मागे सरली. श्रावणी सोमवारी देवळात मागे सरणाऱ्या माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. दोन बायकांच्या कोपरांमधून ती दोरीपलीकडे ओढली गेली आणि बायकांच्या दर्शनबारीत दिसेनाशी झाली.

त्यांची गाइड सुलेखा ड्रायव्हरला गाडी कुठे लावायची ते सांगून आली, तेव्हा हलगी वाजायला लागली होती. गर्दीच्या वर हेन्रिकचं पिवळं डोकं तेवढं दिसत होतं. त्याच्या भोवती फोन उंच धरलेले हात होते, कपाळाला भस्म लावणारे हात होते. बायकोचा पत्ता नव्हता. सुलेखाने कपाळावर हात मारून घेतला. चूक तिचीच होती. आदल्या दिवशी शहरातल्या गुलमंडीतून सुती साडी घ्यायला तिनेच लावलं होतं, सकाळी हॉटेलात चापूनचोपून नेसवली होती तिनेच, वर टिकलीही लावली होती. आता त्या सावळ्या, काळ्याभोर केसांच्या बाईकडे बघून ही डेन्मार्कहून आली आहे असं कुणी म्हणणार होतं का?

आणि ढवळेश्वराला आज आली होती ती सोनियाच. हेन्रिक नुसता सोबतीला होता.

गोष्ट साधी होती. चाळीस-एक वर्षांपूर्वी शिवरात्रीच्या यात्रेत या देवळाच्या पायरीवर एक तान्ही पोर कुणीतरी ठेवून गेलं. पोर शहरातल्या अनाथाश्रमात गेली, तिथून डेन्मार्कला. तिथल्या आईबापांनी तिला लपवून काही ठेवलं नाही. तू देवाच्या पायरीवर सापडलीस, पैठणच्या अलीकडे, ढवळेश्वराला, असं आई तिला लहानपणी झोपवताना सांगायची. ती आई मागच्या वर्षी वारली. मग सोनियाने सुट्टी काढली. मला फक्त ती पायरी बघायची आहे, बाकी काही नको, असं तिने सुलेखाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पैठण रस्त्याने येताना गाडीच्या काचेतून ती काय बघत होती ते सुलेखाने पाहिलं होतं. उसाची शेतं दिसली, जायकवाडीचं पाणी दिसलं, बगळे दिसले, तिचं लक्ष नव्हतं. रस्त्याच्या कडेने साठीच्या पुढची बाई चालताना दिसली की तिची मान वळायची.

सुलेखा गर्दीत घुसायला गेली, तेवढ्यात शिवराजने तिला अडवलं. अध्यक्ष बोलावत होते, साहेबांशी बोलायला दुभाषा पाहिजे होता.

संस्थानचे अध्यक्ष नानासाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात मंडपात बसले होते. त्यांनी हेन्रिकला शेजारची खुर्ची दिली, चहा मागवला, देवस्थान किती जागृत आहे ते सांगितलं, भक्तनिवासाचं काम कुठवर आलंय ते सांगितलं. सुलेखाने ते इंग्रजीत केलं. हेन्रिक हसून मान हलवत होता आणि डोळ्यांनी बायकोला शोधत होता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर पिकलेलं दोरीपलीकडे घामाघूम उभं होतं आणि बाहेरून आलेल्याला खुर्ची मिळाली होती.

शेवटी सुलेखाने मधेच तोंड घातलं. खऱ्या पाहुण्या या साहेबांच्या मिसेस आहेत, त्या इथल्याच, म्हणून तिने सगळं थोडक्यात सांगितलं. नानासाहेबांचा चेहरा आधी खुलला, मग पायऱ्यांचं ऐकल्यावर हळूहळू मिटला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. शेजारी गावातली दोन पोरं त्यांच्या चॅनलसाठी चित्रीकरण करत होती, त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"मॅडम, आपल्या देवळात असलं कधी झालेलं नाही. दुसरं कुठलं तरी देऊळ असंल. यात्रेला लांबलांबचं लोक येतं, कोण काय करतंय कुणाला कळतंय? पण तुम्ही हे कॅमेऱ्यापुढं बोलू नका. संस्थानचं नाव आहे."

दोघांनी जोडीने अभिषेक करावा, एवढं मात्र त्यांनी आग्रहाने सांगितलं. मॅडमना बारीतून घेऊन या म्हणाले. सुलेखा उठली. असलं कधी झालेलं नाही हे वाक्य तिने आयुष्यात वेगवेगळ्या गोष्टींबद्दल इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा राग यायचाही बंद झाला होता.

सोनिया बारीच्या पार मधे सापडली. तिला शोधायला वेळ लागला, कारण ती हरवलेल्या माणसासारखी दिसतच नव्हती. हातात बेलाची पानं होती, आणि एका म्हातारीने तिचा दंड धरून ठेवला होता. हिरव्या लुगड्यातली, पुढचे दोन दात नसलेली, साठी कधीच ओलांडलेली बाई. ती सोनियाच्या पदराची टाचणी काढून तिथंच दोरीला टोचत होती आणि अखंड बोलत होती. एवढ्या टाचण्या कशाला, लुगडं आहे का गोधडी, असं तिचं चाललं होतं. सोनिया हसत होती. चार दिवसांत सुलेखाने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. सुलेखा दिसताच तिने इंग्रजीत घाईघाईने सांगितलं, की इथे माझ्याकडे कुणी वळून बघत नाही. तिकडे शाळेत, बसमध्ये, दुकानात, सगळीकडे लोक एकदा बघतात आणि मग परत बघतात. इथे मला सरळ धक्के देतात.

म्हातारीने ते इंग्रजी ऐकलं आणि सुलेखाकडे मोर्चा वळवला.

"कुणाची गं ही? मघापासून इचारते, नुसती हसती. मुकी हाय व्हय?"

मुकी नाही, परदेशातली आहे, मराठी येत नाही, असं सुलेखाने सांगितलं.

"परदेशातली?" म्हातारीने सोनियाच्या हनुवटीला हात लावून तोंड आपल्याकडे वळवलं. "काय तरीच सांगू नको. ह्ये तोंड आपल्याच शिवारातलं हाय. आन् तू गं? तू कुणाची? कुठली?"

"मी शहरातली," सुलेखा म्हणाली आणि तिथेच थांबली.

हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. कुठल्या, कुणाच्या, आडनाव काय, म्हणजे नेमकं कोणतं गाव, आणि गावात घर कुठल्या बाजूला. छावणीतल्या बाजारात तिची आई केसरबाई भाजी विकायची, तिला तो विचारला जायचा. सुलेखाला भाड्याने खोली बघताना विचारला गेला, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला, गाइडच्या परवान्यासाठी रांगेत उभी असतानासुद्धा मागच्या माणसाने विचारला. बाबासाहेबांच्या मागे तिच्या आजोबांनी देव सोडले, पण प्रश्नाने त्यांच्या घराला सोडलं नाही. म्हणून तिने एक नेम केला होता. आपण हे सांगायचं नाही, आणि आपण हे कधीही, कुणालाही विचारायचं नाही. माणसाला माणूस म्हणून बघायचं. फर्दापूरच्या चहावाल्यापासून वेरूळच्या रखवालदारापर्यंत कुणाचं आडनाव तिने कधी विचारलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता.

म्हातारी मात्र सोनियाचं तोंड सोडायला तयार नव्हती. मग हिचे आईबाप कुठं असतात, असं तिने विचारलं. नानासाहेबांनी कॅमेऱ्यापुढे बोलू नका म्हटलं होतं. इथं कॅमेरा नव्हता.

"आईबाप माहीत नाहीत, मावशी," सुलेखा म्हणाली. "हिला जन्मल्या जन्मल्या इथंच टाकली होती. याच देवळाच्या पायऱ्यांवर, शिवरात्रीच्या यात्रेत. मग तिकडच्या लोकांनी नेऊन वाढवली."

म्हातारीचा हात सोनियाच्या हनुवटीवरून खाली आला. झटक्याने नाही, हळूच आला आणि पदराखाली गेला. दुसऱ्या हाताने दंड धरला होता, तोही सुटला. तिने सोनियाकडे पाठ केली, समोर कळसाकडे तोंड करून डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात नमः शिवाय सुरू केलं. बारी पुढे सरकली तरी ती जागची हलली नाही. मागच्या बाईने ढकलली तेव्हा हलली.

सुलेखाच्या अंगाचा तिळपापड झाला. मागे जाणारा हात तिला नवा नव्हता. आईच्या तळहातावर सुटे पैसे वरून सोडणारी गिऱ्हाइकं तिने लहानपणी पाहिली होती. तोंड शिवारातलं म्हणून कौतुक, पण कुणाचं पाप, कुठल्या जातीचं, याचा पत्ता नाही म्हटल्यावर लगेच विटाळ. देवाच्या दारात उभं राहून. तिने सोनियाचा हात धरला, दोरी वर उचलली आणि तिला बारीबाहेर काढली. सोनिया वळून बघत होती.

"तिने हात का सोडला?" सोनियाने विचारलं.

"दर्शनाची वेळ झाली तिची," सुलेखा म्हणाली. काही गोष्टींचं भाषांतर करायचं नसतं, एवढं ती या धंद्यात शिकली होती.

अभिषेकासाठी हेन्रिकला शर्ट काढावा लागला. ढवळेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषाने उघड्या अंगाने जायचं असतं. चार दिवसांच्या उन्हाने त्याच्या मानेचा तांबडा पट्टा झाला होता आणि खाली सगळं दुधासारखं पांढरं. बारीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. सुलेखा उंबऱ्याच्या अलीकडे सभामंडपात उभी राहिली. आत जायची तिची इच्छा नव्हती, आणि भाषांतर करायला दारातून ऐकू येत होतं.

गुरुजींनी हेन्रिकच्या हातावर पळीने पाणी घातलं, नाव विचारलं, मग गोत्र विचारलं. सुलेखाने दारातून सांगितलं की गोत्र नाही, त्यांच्याकडे तसलं काही नसतं.

"नाही कसं? ज्याला माहीत नाही त्याचं काश्यप," गुरुजी म्हणाले आणि न थांबता हेन्रिकला काश्यप गोत्रात घेऊन पुढच्या मंत्राला गेले. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर बोटी दुरुस्त करणाऱ्या माणसाला ऋषी मिळाला. सोनियाने खूण करून विचारलं, ते काय म्हणाले. सुलेखाने सांगितलं, की तुम्ही कुणाच्या वंशातले ते विचारलं, आणि हेन्रिकला एक वंश दिला.

"मग माझा?"

सुलेखाने गुरुजींना विचारलं. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

"बाईंना वेगळं कशाला? बायकोला नवऱ्याचंच."

सुलेखाने ते जसंच्या तसं सांगितलं. सोनियाने एकदा हेन्रिककडे पाहिलं. तो हात जोडून, डोळे मिटून, थंडीने काटा आलेल्या अंगाने उभा होता. ती हसली. पण बारीत हसली होती तशी नाही. मग तिने पिंडीवर बेल वाहिला. त्या मातीत जन्मलेल्या बाईला त्या मातीतला वंश परक्या माणसाकडून उसना घ्यावा लागला, आणि तो देणाऱ्याला आपण काही दिलं याचा पत्ताही नव्हता.

बाहेर आल्यावर हेन्रिकला सत्कारासाठी मंडपात नेलं. आता मॅडमनाही बोलावणं होतं, शाल तयार होती, पण सोनिया तिकडे गेली नाही. ती पायऱ्या उतरून खाली गेली आणि वर तोंड करून बघत उभी राहिली. पायऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या होत्या, आरशासारख्या चकचकीत. प्रत्येक पायरीवर देणगीदाराचं नाव कोरलेलं, कुणाच्या स्मरणार्थ ते कोरलेलं. सगळ्यात खालच्या पायरीवर नानासाहेबांच्या वडिलांचं नाव होतं. ही पायरी नक्कीच चाळीस वर्षांची नाही हे सांगायला गाइडची गरज नव्हती. सोनियाने वाकून त्या गुळगुळीत दगडावर तळवा ठेवला आणि उचलून घेतला.

सुलेखाने शिवराजला गाठून जुन्या पायऱ्यांचं विचारलं. जीर्णोद्धारात काढल्या, तो म्हणाला. दगड फुकट कशाला घालवायचा, म्हणून मागे चपला ठेवतात तिथे टाकलेत, लोक त्यावर नारळ फोडतात.

लिंबाच्या झाडाखाली ते दगड पडले होते. वाकडेतिकडे, मधे झिजलेले, नारळाच्या पाण्याने चिकट झालेले. आजूबाजूला शेंड्या आणि करवंट्या. कचरू नावाचा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये चपला घेत होता आणि टोकन देत होता. सोनिया दगडांमधून हिंडली. कुठला असेल, हे ती कुणाला विचारणार होती? शेवटी त्यातल्या त्यात मोठा, मधोमध पडलेला एक दगड तिने निवडला आणि साडी सावरून त्यावर बसली. पर्समधून फोन काढला, पण फोटो न घेताच परत ठेवला. सुलेखा थोडी दूर उभी राहिली. मंडपातून माइकवर हेन्रिकचं चुकीचं नाव ऐकू येत होतं.

तेवढ्यात ती म्हातारी आली. दर्शन करून आली असावी, कपाळाला भस्म होतं. कचरूकडे टोकन देऊन तिने चपला घेतल्या, पण पायात घातल्या नाहीत. हातात धरूनच ती सोनियासमोर येऊन थांबली. सुलेखाने मुद्दाम तोंड फिरवलं. हिला आता बोलायची संधीसुद्धा द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

"ती नाय गं," म्हातारी म्हणाली. "ही."

तिने कडेला पडलेल्या एका दगडाकडे बोट केलं. कोपरा फुटलेला होता, वर पोरांनी कधीकाळी नवकंकरीच्या खेळाच्या रेघा कोरल्या होत्या. मग ती खाली बसली, त्या दगडावरच्या शेंड्या हाताने गोळा करून बाजूला टाकल्या आणि पदराच्या शेवाने दगड पुसला. रेघांमध्ये पाणी साचलं होतं तिथे पदर दोनदा फिरवला. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, सोनियाकडे पाहिलं न पाहिलं, आणि चपला हातातच घेऊन चालू लागली.

सुलेखाच्या मनात आलं, कुठं बसायचं हेही आता हीच सांगणार. गावच्या म्हाताऱ्यांना दुसऱ्याला हलवल्याशिवाय चैन पडत नाही.

"काय म्हणाली ती?" सोनियाने विचारलं.

सुलेखाने सवयीने भाषांतर केलं. "ती म्हणाली, तो दगड नाही. हा."

इंग्रजीतलं आपलंच वाक्य तिच्या कानावर आलं आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. सोनिया बसल्या जागेवरून तिच्याकडे बघत होती. मग सोनिया उठली.

"कोण आहे ती?" तिने विचारलं. "तिचं नाव काय? सुलेखा, तिचं नाव काय?"

सुलेखा पळाली. शेडच्या पलीकडे सगळं मैदान माणसांनी भरलं होतं. काळ्यापिवळ्या जीपा भरत होत्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सुटत होत्या, एसटीच्या दारात झुंबड होती. हिरव्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या तिला सगळीकडे दिसत होत्या. एकीचा खांदा धरून तिने वळवलं, ती दुसरीच निघाली. सकाळी या गर्दीत सोनिया जशी दिसेनाशी झाली होती तशीच ती बाई झाली. पैठणकडे, शहराकडे, आडरस्त्याच्या वाड्यावस्त्यांकडे, कुठेही गेली असेल. हात पदराखाली गेला तो का गेला, हे आता सुलेखाला कळत होतं, आणि त्या हाताला आपण काय समजलो तेही कळत होतं.

धापा टाकत ती कचरूकडे आली. आत्ता एक म्हातारी चपला घेऊन गेली, हिरवं लुगडं, पुढचे दात नाहीत, ओळखता का, म्हणून तिने विचारलं.

कचरूने चपलांच्या ढिगातून मान वर केली.

"कुणाची म्हातारी?"

सुलेखाने पुन्हा मैदानाकडे पाहिलं.

"कुठल्या गावची? आडनाव काय?" त्याने आपला सरळ विचारलं, इथं सगळे विचारतात तसं. "काई इचारलं आसंल की तुमी. मघा त्या दगडापाशी तुमच्यासंगंच व्हती ना ती?"

मग पुढचं गिऱ्हाईक आलं आणि तो टोकन द्यायला वळला.

सुलेखा लिंबाकडे निघाली. सोनिया आता त्या फुटक्या कोपऱ्याच्या दगडावर बसली होती, रेघांवर हात ठेवून. सुलेखाला येताना पाहून ती उठून उभी राहिली.